उचलण्यापुरती ताकद

मला व्यायामाची आवड नाही. कधीच नव्हती, आजही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला प्रेरणा वगैरे विचारायला नको. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या मालेगावात, वाशीम रोडला, एका कृषी केंद्राच्या वरच्या माळ्यावर, पत्र्याखाली, एक जिम आहे. तिथला जिना लोखंडी आणि चिंचोळा आहे आणि खालून खताचा, औषधांचा वास थेट वरपर्यंत येतो. तो जिना चढताना माझ्या तोंडून शिवी निघाली नाही असा दिवस मला आठवत नाही. कधी मनातल्या मनात, कधी चांगली ऐकू जाईल अशी. खाली बाकड्यावर बियाण्याची चौकशी करत बसलेले शेतकरी माना वर करून बघतात. बघा म्हणावं. पंजाबी ड्रेसवर कॅनव्हासचे बूट घातलेली पन्नाशीला टेकलेली बाई त्यांनी काय रोज पाहिली असेल?

माझ्या नवऱ्याला संक्रांतीच्या आठवड्यात लकवा मारला. सकाळी दात घासताना हातातला ब्रश पडला, तो उचलायला वाकला आणि तसाच खाली बसला. अकोल्याला नेलं. जीव वाचला, उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं जड झालं, पण समजायचं. डोकं शाबूत होतं, आणि तेच वाईट होतं, कारण आपलं काय झालं आहे ते त्याला पक्कं कळत होतं. माणूस हाडापेराने मजबूत. सोयाबीनचं पोतं पाठीवर घेऊन एका दमात ट्रॉलीत टाकायचा आणि मग बघणाऱ्यांकडे बघायचा. ताकदीची भारी मस्ती होती त्याला. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला भरलेली घागर कमरेवर घेता येईना, तर चार बायांसमोर म्हणाला होता, "ही कायची बायको, हे तं पापड हाये निरा." सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करणार. नवीन होते.

आता त्या माणसाला पलंगावरून खुर्चीवर न्यायला दुसरं माणूस लागायचं. वाशीमच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी मला शिकवलं होतं. आधी पलंगाच्या कडेला बसवायचं. त्याचा डावा, चांगला पाय जमिनीवर घट्ट टेकवायचा. कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधायची, ती दोन्ही हातांनी धरायची, छातीला छाती लावून त्याला उभं करायचं आणि वळवून चाकाच्या खुर्चीत ठेवायचं. डाव्या पायावर जोर देऊन तो अर्धा भार स्वतःच घेतो, उरलेला अर्धा उचलणाऱ्याचा. सांगायला किती सोपं! मी पहिल्या दिवशी करून बघितलं, तर माझी कंबर धरली आणि तो पलंगावर उताणा पडला. वर तोंड करून म्हणाला, "राहू दे. तुह्यानं होत नाई. त्याले बोलाव."

त्याले म्हणजे माझ्या दिराला. आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. सासूही त्याच्याचकडे. मी लाटण्याने भिंतीवर ठोकायचं आणि त्याने यायचं, अशी पद्धत पडली. पहिला महिनाभर तो धावत यायचा. अंगावर बनियन, हातात अर्धवट घास, पण यायचा. मग "आलो वहिनी, चहा घेऊन येतो" सुरू झालं. मग नुसतंच "आलो." मी भिंतीकडे कान लावून उभी आणि इकडे पलंगावर नवरा ओल्यात. डायपरने त्याच्या मांड्या सोलून निघत, म्हणून तो लावू द्यायचा नाही. "मले खुर्चीवर ने," एवढंच म्हणायचा. ते खुर्चीवर बसून संडासला जाणं म्हणजे त्याची उरलेली सगळी इज्जत होती. दीर यायचा तोवर कितीदा तरी ती जायची. मग मी चादर बदलायची, त्याचं अंग पुसायची आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

आणि दीर आला की काय, उचललं आणि गेला असं नाही. बसायचा. दोघं भावभाऊ बोलत. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, तूर खाल्ली, वायर चोरीला गेली, विहिरीला पाणी किती आहे, शेजारच्याने धुरा, शेताचा बांध, कोरला. नवऱ्याला बोलायला वेळ लागायचा, दीर थांबायचा, अर्धं वाक्य आपणच पुरं करायचा. मी आत चहा ठेवत दात खायची. अर्धा तास उशिरा आला तो आला, आता अजून बसकण मारली, असं वाटायचं मला. माझी सकाळ त्या एका माणसाच्या येण्याजाण्यावर टांगलेली असायची. सगळ्यात जास्त चीड कशाची यायची सांगू? मला त्याच्याशी गोड बोलावं लागायचं. "आले काय भाऊजी? बरं झालं बाप्पा." कशाचं बरं झालं!

लग्नसराईत एक दिवस मी भिंत ठोकत राहिले आणि पलीकडून आवाजच नाही. सगळे धनजला लग्नाला गेलेले. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. गल्लीतले दोन-चार पुरुष आपापल्या कामाला गेले होते. नवरा तसाच पडून राहिला. उन्हाळा होता, माशा बसत होत्या, मी नुसती हाकलत होते. दुपार कलल्यावर दुधाच्या गाडीवाल्याला हातापाया पडून आत बोलावलं, तेव्हा कुठे नवऱ्याला उचललं गेलं. दूधवाला नाकाला रुमाल लावून आला होता. नवऱ्याने तो रुमाल बघितला.

त्या दिवशी मी ठरवलं, हा माणूस मला एकटीला उचलता आला पाहिजे. बस. मला बारीक व्हायचं नव्हतं, शुगर कमी करायची नव्हती, फोटो काढायचे नव्हते. मला पुन्हा भिंत ठोकायची नव्हती.

जिममध्ये अकरा ते एक लेडीज टाइम असतो. सकाळ-संध्याकाळ पोट्टे असतात, पोलीस भरतीवाले. लेडीज टाइमला दोन-तीन बाया यायच्या, त्याही लग्नाची तारीख निघाली की यायच्या आणि लग्न लागलं की बंद. शिकवणारा पोरगा पंचविशीचा, स्वतः भरतीत दोनदा मागे राहिलेला. सगळे त्याला सर म्हणायचे, म्हणून मीही सर म्हणायला लागले, पण तोंडातलं "तू" सुटेना. तर "सर, तू गप राह्य" असं आमचं चालायचं. पहिल्या दिवशी त्याने मला मारुतीच्या फोटोला हात जोडायला लावले आणि चालायच्या मशीनवर चढवलं.

"काकू, वेट लॉस ना?"

"नाई. मले वजन उचलाचं हाये."

"लेडीजनं जास्त वजन नाई उचलू काकू. बॉडी पोट्ट्यावानी होते."

"होऊ दे ना बाप्पा. तशीच पाह्यजे मले."

"किती उचलाचं हाये पन?"

"एक मानूस."

तो हसला. मी नाही हसले. मग त्याने हसणं आवरलं आणि मला बैठका काढायला लावल्या.

पहिला आठवडा जोरात गेला. दुसऱ्या आठवड्यात मांड्या अशा दुखल्या की माझ्याच घरी मी भिंत धरून चालत होते. तिसऱ्या आठवड्यात सगळा उत्साह सरला. सकाळपासून धुणं, भांडी, त्याचं अंग पुसणं, भरवणं, गोळ्या, आणि मग त्या तापलेल्या पत्र्याखाली जाऊन घाम गाळायचा? कशासाठी? दंडातली गाठ सुपारीएवढीही दिसेना. माझी मुलगी पुण्याला नोकरीला आहे. ती रोज सकाळी मला व्हिडिओ पाठवायची. उगवता सूर्य, डोंगरावर पळणारा माणूस, खाली काहीतरी जिद्दीचं वाक्य. "मम्मी, मोटिव्हेशन ठेव." मी एकदा फोनवर तिला सरळ म्हटलं, "मोटिव्हेशन तू ठेव तुह्यापाशी. इथं येऊन दोन दिवस बापाले उचल." मग तिने पाठवणं बंद केलं. त्याचंही मला वाईट वाटलं, पण चुकीचं बोलले असं वाटलं नाही.

तर मन नावाच्या गोष्टीवर भरवसा ठेवायचा नाही, हे मला लवकर कळलं. मन रोज अकरा वाजता सांगायचं, आज राहू दे. म्हणून मी मनाला विचारणंच सोडलं. बाराच्या गोळ्या आधी काढून ठेवायच्या, सासूला पलंगाजवळ बसवायचं, टीव्ही लावायचा, बूट घालायचे आणि निघायचं. ठरवलं एवढंच, की जिना चढायचा. वर जाऊन काही नाही केलं तरी चालेल. आणि खरंच, कितीतरी दिवस मी वर जाऊन काहीही केलं नाही. पंख्याखालच्या बाकावर बसून राहिले. एकदा तर तिथे बसल्या बसल्या डोळा लागला.

"काकू, बसालेच याचं तं कायले येता?" सर म्हणाला.

"तुह्या बापाचं काय जाते? फी भरली हाये मी."

पण असं बसून बसून कंटाळा येतोच. समोर लोखंड पडलेलं असतं, घरी जायला अजून वेळ असतो, म्हणून मग माणूस उठतो आणि चार बैठका काढतो. माझी सवय अशी कंटाळ्यातून लागली. यात शूरपणाचं काही नाही. घराबाहेर तो एवढाच एक तास होता, जिथे कोणी मला हाक मारत नव्हतं, हेही खरं.

लोकांनी बोलायचं ते बोललंच. नवरा पलंगावर अन् बाई जिममधी. सासूच्या कानावर आलं, तिने माझ्या कानावर घातलं. "लोक काय म्हनतीन वं?" मी म्हटलं, "लोकाले म्हना, या मंग उचलाले." त्यावर ती म्हणाली, माझी जीभच आधी बलवान झाली आहे.

सासूचा भरवसा वेगळ्याच गोष्टीवर होता. लकवा मारल्यापासून तिने मला उपास धरायला लावले होते. सोमवार त्याच्यासाठी, शनिवार मारुतीचा, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. मी धरले. आमच्याकडे नवरा आजारी पडला की बायकोच्या पोटापासूनच इलाज सुरू होतो, आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. उलट आपण दोन्हीकडून जोर लावतो आहोत, असंच वाटायचं. इकडे देव, तिकडे जिम. श्रावण लागला तसे उपास अजून वाढले. सकाळी बेलपत्र, दिवसभर चहा, संध्याकाळी भगर. आणि अकरा वाजता त्याच रिकाम्या पोटी मी जिना चढत होते. डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. मला वाटायचं, उकाड्याने होत असेल.

श्रावणातल्या एका सोमवारी दिराला यायला उशीर झाला आणि मी म्हटलं, चल, आता तीन-चार महिने लोखंड ओढते आहे, बघू तर खरं. नवऱ्याला कडेला बसवलं. त्याने डावा पाय टेकवला. पट्टी बांधली. "चला," म्हटलं आणि उठवलं. उठला तो! अर्ध्यावर आला. आणि मला एकदम घाम फुटला, कानात शीळ वाजली. दोघंही खाली. तो माझ्या अंगावर.

लागलं फार नाही. पण त्याच्याखालून मला निघता येईना आणि त्याला बाजूला होता येईना. लाटणं तिकडे ओट्यावर. मी हाका मारल्या, पलीकडे मिक्सर सुरू होता. आम्ही नवरा-बायको फरशीवर पडून राहिलो, त्याचं तोंड माझ्या मानेत. लग्नाला इतकी वर्षं झाली, दिवसाउजेडी एवढा वेळ तो माझ्याजवळ कधी नव्हता. तो म्हणाला, "तुले म्हटलं होतं, तुह्यानं होत नाई." आदल्या दिवशी एकादशी होती, पोटात कालच्या भगरीशिवाय काही नव्हतं माझ्या. तिथे पडल्या पडल्या मला लख्ख दिसलं, की ह्याला उठवायचं म्हणून मी उपाशी राहते आहे, आणि उपाशी आहे म्हणून मला हा उठवता येत नाही. हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. हात मोकळा असता तर बडवून घेतलं असतं.

दीर आला, त्याने आधी भावाला उचललं, मग मला हात दिला. "कायले करता वहिनी असं?" म्हणाला. बोलला ते काळजीनेच, पण मला ते फार लागलं.

पुढच्या सोमवारी मी सकाळी दोन भाकरी खाल्ल्या, तुरीच्या वरणात कुस्करून, वर मूठभर शेंगदाणे. सासू नेमकी दारात उभी. ती तशीच परत गेली. पण चार दिवसांनी, नवऱ्याचा हात अजून हलत नाही असं फिजिओवाल्या बाई म्हणाल्या, तेव्हा सासू म्हणाली, "कसा हलन? बायकोनं सोमवार मोडला." नवऱ्याने ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. तो देवाधर्माचा माणूस नव्हता. तरी बघितलं. मी रडले नाही, पण त्या रात्री स्वयंपाकात मीठ टाकायचं विसरले आणि कोणी विचारलं तर भांडायला तयारच बसले होते. कोणी विचारलं नाही.

खाऊन गेल्यावर जिममध्ये फरक पडला, हे मला मान्य करावंच लागतं. मग मी सरला म्हटलं, की या दांड्याला धरायला जागा आहे, माणसाला नसते. मला असं काहीतरी दे जे लोंबतं, घसरतं. तो म्हणाला जिममध्ये असं काही नसतं. मी खाली कृषी केंद्रात गेले, युरियाचं रिकामं पोतं आणलं, त्यात वाळू भरली, तोंड शिवलं आणि त्यालाच वर आणायला लावलं. ते पोतं बाकावर उभं ठेवायचं, मिठी मारायची, उठवायचं, वळायचं, खुर्चीवर ठेवायचं. परत. परत. गाणी चालू, मारुती बघतो आहे आणि मी पोत्याला मिठी मारते आहे. लग्न ठरलेल्या पोरी तोंडावर ओढणी घेऊन हसायच्या. मी म्हणायची, "हसा, हसा. तुमच्यावरबी येईन." आता वाटतं, तसं म्हणायला नको होतं.

सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, लागली तशी मला धडकी भरली. सोंगणीत दीर अंधारात वावरात जातो, ते दिवस मावळल्यावर येतो. मजूर, थ्रेशर, ट्रॉली, सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर. तो म्हणाला, "वहिनी, चार-आठ दिवस कसंबी काढा." कसंबी म्हणजे कसं, ते त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे कोणी नव्हतं. नवरा म्हणाला, "मले जायचं हाये." मी चहा-भाकर आधीच खाऊन घेतली होती. त्याला कडेला बसवलं. पट्टी बांधली. त्याने डावा पाय टेकवला.

उठला. सरळ, उभा. मी वळले, तो वळला, खुर्चीत बसला. धपकन नाही, हळू. मी खुर्ची ढकलत नेली. तो वेळेवर पोचला. परत आणून पलंगावर बसवला, तर माझ्याकडे बघून म्हणाला, "जमलं की वं तुले." मी मोरीत गेले, नळ सोडला आणि हुंदके देऊन रडले. आनंदाने रडणं मला खोटं वाटायचं. पण असतं ते, खरंच असतं.

सोंगणीभर मी त्याला उचललं, सकाळ-संध्याकाळ. एकदाही चादर भिजली नाही. सोंगणी संपून दीर मोकळा झाला तेव्हा मी त्याला करून दाखवलं. तो कमरेवर हात ठेवून बघत होता. "वा वहिनी! निरा पैलवान झाल्या तुमी. मंग आता माह्यावाली सुट्टी." मी म्हटलं, "घ्या सुट्टी. लय केलं तुमी." मनापासून म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावर मी असा आराम बघितला, जसा ट्रॉली रिकामी झाल्यावर येतो. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही.

त्याने सुट्टी घेतली ती पूर्ण घेतली. दिवाळीला फराळाचं ताट घेऊन आला, उभ्या उभ्या "बरा हायेस ना" म्हणाला आणि गेला. मग गहू पेरायचा होता, मग मोटार जळाली, मग काय न् काय. भिंतीपलीकडे त्याचा आवाज रोज ऐकू यायचा, बायकोवर ओरडलेला, फोनवर बोललेला. इकडे यायचा नाही. अन् कशाला येईल? काम नव्हतं. आमच्याकडचे पुरुष आजारी माणसाजवळ नुसते येऊन बसत नाहीत. काही उचलायचं असलं तर येतात, आणि मग त्या निमित्ताने बसतात. हे मला पन्नास वर्षं या मुलखात राहून माहीत असायला हवं होतं. सासूही येईनाशी झाली. "ती हाये ना, ती पाह्यते सारं." गल्लीतलेही तेच म्हणायचे, कौतुकाने.

नवरा सकाळी दाराकडे बघायचा. मी त्याला बसवायला जायची, तर माझ्या खांद्यावरून बघायचा. "तो आला नाई?"

"कायले पाह्यजे तो? मी हाये ना."

"नाई. असंच."

मी बोलून बघितलं. म्हटलं, तूर चांगली आहे म्हणतात. तो म्हणाला, "तू पाह्यली काय?" मी नव्हती पाहिली. रोही येतात का, विहिरीला पाणी किती आहे, मला काही सांगता येईना. मग तो टीव्हीकडे तोंड करायचा. मी एकदा दिराला रस्त्यात गाठून म्हटलं, "येत जा ना भाऊजी जरा, बसाले." तो म्हणाला, "येतो ना वहिनी, येतो." खोटं नव्हता बोलत. त्याला यायचंच होतं, पण त्याचं येणं काही झालं नाही.

थंडीतली सकाळ होती. मी पट्टी बांधली. "पाय टेकवा," म्हटलं. त्याने टेकवला नाही. मला वाटलं, ऐकलं नाही. परत म्हटलं. तो माझ्याकडे बघत होता, डावा पाय सैल सोडून.

"त्याले बोलाव," म्हणाला.

"कायले? रोज जमते ना मले."

"त्याले सांग, तुले जमून नाई राह्यलं."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा डोक्यात अशी आग गेली की पट्टी हातातून सुटली. आठ महिने मी त्या पत्र्याखाली मेले, लोकांची बोलणी खाल्ली, उपास मोडल्याचा ठपका घेतला, आणि हा माणूस म्हणतो, जमत नाही म्हणून सांग. मी काय काय बोलले त्याला! तुम्हाला माझी ताकद बघवत नाही, म्हटलं. तुम्हाला ओल्यात पडलेलंच बरं होतं. तेव्हा तो जड जिभेने, एकेक शब्द ओढत म्हणाला, "आठ दिवसांत... मी कोनाशी... बोललो नाई वं."

मी लाटणं घेतलं. पुन्हा कधी ठोकणार नाही म्हटलं होतं त्या भिंतीवर ठोकलं.

दीर पलीकडे अंगणात मोटरसायकल पुसत असावा, तिथूनच ओरडला. "काय झालं वहिनी?"

"आज जमून नाई राह्यलं भाऊजी. या जरा."

"अवं काल तं जमलं ना? लावा थोडा जोर, जमते तुमाले. मले वावरात जायचं हाये, लाइन जाईन मंग." आणि गाडीला किक बसली. भिंत काही जाड नाही आमची. सगळं ऐकू येतं.

मी परत आले तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते. "टेकवा पाय," म्हटलं, या वेळी हळू. त्याने नाही टेकवला. मी पट्टी आवळली, त्याला छातीशी धरलं आणि उचललं. अर्धा नाही, सगळा. त्याचे दोन्ही पाय फरशीवर नुसते ओढले जात होते. खुर्चीत ठेवताना त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि खांदा ओला झाला.

"कायले शिकली वं हे?" म्हणाला तो. रागाने नाही. खरंच विचारत होता.

त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर होतं आणि मी ते दिलं नाही. त्या दिवसापासून तो डावा पाय टेकवत नाही. पायाला काही झालेलं नाही, फिजिओवाल्या बाई म्हणतात चांगला जोर आहे. मी आता टेकवा म्हणणं सोडलं आहे. रोज सकाळी तो बाहेर भावाच्या गाडीचा आवाज होईपर्यंत थांबतो, आवाज निघून जातो, मग माझ्यावर सगळं अंग सोडतो. म्हणून मला जिमला एकही दिवस सुट्टी घेता येत नाही.